गोष्टीवेल्हाळ बॅरन

ज्या घरांत एखादे वृद्ध आजोबा किंवा वडील तरुणपणीं पलटणींत असतात, अथवा बोटीवरून दूरदेशीं जाऊन आलेले असतात, त्या घरच्या मुलांना रात्रीचीं जेवणें झाल्यावर निराळी करमणूक शोधावी लागत नाहीं. वाघ दर वर्षीं हातभर लांब होतो, नदीचा पूर दर पावसाळ्यांत पुरुषभर चढतो, आणि ऐकणारीं मुलें सर्व कांहीं ठाऊक असूनहि पुन्हां तीच गोष्ट मागतात. आपल्या तरुणपणचे पराक्रम अशा रीतीनें सांगणाऱ्या सर्व मंडळींचा मुकुटमणि म्हणून ज्याचें नांव जगभर झालें, तो बॅरन म्युंखहाउझेन. इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे तो बॅरन मंचॉसेन या नांवानें आला. तोफेच्या गोळ्यावर बसून फेरफटका करणारा, चंद्रावर दोनदां जाऊन आलेला आणि आपल्याच शेंडीला धरून स्वतःला दलदलींतून वर काढणारा हा गृहस्थ सिंदबाद किंवा गलिव्हर यांच्यासारखाच काल्पनिक असावा असें पुष्कळांस वाटतें. परंतु तो काल्पनिक नव्हता. तो हाडामांसाचा मनुष्य होता, त्यानें बारा वर्षें पलटणीची नोकरी केली, संसार केला. आणि ज्या पुस्तकानें जगाला हंसविलें, त्याच पुस्तकानें त्याच्या म्हातारपणाची कशी धूळधाण केली, ती हकीकत मात्र त्या पुस्तकांत कोठेंच आलेली नाहीं.

हिएरोनिमस कार्ल फ्रीडरिख फॉन म्युंखहाउझेन हा 11 मे 1720 रोजीं जर्मनींतील बोडनव्हेर्डर या लहानशा गांवीं जन्मला. हें गांव व्हेझर नदीच्या कांठीं आहे. त्या वेळीं तो मुलूख हॅनोव्हरच्या राज्यांत मोडत असे, आणि हॅनोव्हरचा अधिपति पहिला जॉर्ज हाच इंग्लंडचाहि राजा होता. म्युंखहाउझेन घराणें जुनें व नामांकित. गॉटिंगेन येथील प्रसिद्ध विद्यापीठ स्थापन करण्यांत ज्याचा मुख्य हात होता तो गेर्लाख आडोल्फ फॉन म्युंखहाउझेन याच घराण्यांतला. हिएरोनिमसचे वडील लष्करांत मोठ्या हुद्द्यावर होते. परंतु मुलगा अवघा चार वर्षांचा असतांना ते वारले, आणि लहानथोर भावंडांचें लटांबर आईच्या पदरीं पडलें. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें सरदारांच्या धाकट्या मुलांना एखाद्या राजवाड्यांत हुजऱ्या म्हणून ठेवीत. तेथें ते घोड्यावर बसणें, तलवार चालविणें आणि दरबारी रीतभात शिकत. हिएरोनिमस असाच ब्राउनश्वाइगच्या राजघराण्याच्या सेवेंत दाखल झाला.

या राजघराण्यांतला अँटन उलरिख नांवाचा राजपुत्र त्या सुमारास रशियांत राहत होता. रशियाची सम्राज्ञी ॲना हिच्या भाचीशीं त्याचा विवाह ठरला होता. त्याच वेळीं रशिया व तुर्कस्तान यांच्यामध्यें युद्ध चालू होतें. राजपुत्र त्यांत गुंतलेला होता. त्याला नव्या हुजऱ्यांची गरज पडली तेव्हां जर्मनींतून मुलें पाठविण्यांत आलीं, आणि त्यांत आमचा हिएरोनिमस होता. 1737 सालच्या हिवाळ्यांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, तो त्या लांबच्या प्रवासास निघाला. जर्मनींतून पोलंड व बाल्टिक समुद्राच्या कांठचे प्रांत ओलांडीत सेंट पीटर्सबर्गपर्यंत जावयाचें, तेंहि ऐन बर्फांत! वाचकहो, ज्याच्या नांवावर पुढें छापलेलें पुस्तक अशाच एका हिमप्रवासानें सुरू होतें, त्याच्या मनावर या वाटेनें केवढा ठसा उमटविला असेल, याची कल्पना करावी. त्या गोष्टींत तो रात्रीच्या वेळीं बर्फांतून वर डोकावणाऱ्या एका खुंटाला घोडा बांधून झोंपी जातो. सकाळीं पाहतो तों बर्फ वितळलेलें, आपण एका गांवच्या स्मशानांत पडलेलों, आणि घोडा चर्चच्या मनोऱ्याला लोंबकळतो आहे!

तुर्कांविरुद्धच्या स्वाऱ्यांत त्यानें भाग घेतल्याचें सांगतात. 1739 मध्यें तो ब्राउनश्वाइग चिलखती घोडदळांत कॉर्नेट, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा अधिकारी झाला, आणि 1740 मध्यें लेफ्टनंट. ही पलटण बाल्टिक कांठच्या रिगा शहरीं असे. हुजरेगिरी सोडून पलटणींत जाणें त्या वेळीं कोणाला फारसें महत्त्वाचें वाटलें नसेल. परंतु त्यामुळेंच तो वांचला असें म्हणावें लागतें. 1740 च्या अखेरीस सम्राज्ञी ॲना मरण पावली व अँटन उलरिखचा तान्हा मुलगा इव्हान याला गादीवर बसविण्यांत आलें. सुमारें एका वर्षानंतर पीटर दि ग्रेटची मुलगी एलिझाबेथ हिनें सैनिकांच्या मदतीनें एका रात्रींत राज्य हिसकावून घेतलें. तो तान्हा बादशहा तुरुंगांत वाढला आणि तरुणपणींच मारला गेला. त्याचा बाप अँटन उलरिख उत्तरेकडील खोल्मोगोरी या थंडगार गांवीं कैदेंत पडला, तो 1774 मध्यें मरेपर्यंत सुटला नाहीं. हिएरोनिमस त्याच्या शेजारीं असता, तर बहुधा गोष्टी सांगावयास मागें उरला नसता. धनी गेल्यामुळें बढतीचें दार मात्र बंद झालें. लेफ्टनंटचा कॅप्टन होण्यास त्याला पुढें दहा वर्षें वाट पाहावी लागली.

रिगा येथील त्याच्या नोकरीच्या काळांत एक प्रसंग असा घडला कीं, त्याचा उल्लेख केल्याखेरीज पुढें जाववत नाहीं. 1744 च्या आरंभीं एक जर्मन राणी आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन रशियाकडे निघाली होती. रिगा येथें त्यांना मानवंदना देणाऱ्या तुकडीवर म्युंखहाउझेन अधिकारी होता. तीच मुलगी पुढें रशियाची सम्राज्ञी कॅथराइन दि ग्रेट झाली. इतकी मोठी खरी गोष्ट पदरीं असतांना त्यानें खोट्या गोष्टींवर वेळ कां दवडावा, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील! त्याच वर्षीं त्यानें लिव्होनियांतील डुंटे येथील एका जमीनदाराची कन्या याकोबीना फॉन डुंटन हिच्याशीं विवाह केला. सासुरवाडीच्या सरोवरांवर पाणबदकांची शिकार विपुल होती. दोरीला डुकराच्या चरबीचा तुकडा बांधून एकामागून एक बदकें ओंवावीं आणि त्यांनींच शिकाऱ्याला उडवीत घरीं नेऊन पोंचवावें, ही प्रसिद्ध गोष्ट याच भूमींत रुजली असें तेथील लोक मानतात.

1750 मध्यें कॅप्टनचा हुद्दा मिळाल्यावर तो रजा घेऊन पत्नीसह बोडनव्हेर्डरला आला, तो पुन्हां रशियांत गेला नाहीं. आई वारली होती, वांटणींत गांवची वडिलार्जित जमीन त्याच्या वांट्यास आली, आणि 1754 मध्यें पलटणींतून त्याचें नांव कमी झालें. येथून पुढें चाळीस वर्षें त्याचें आयुष्य एखाद्या खेडेगांवच्या इनामदारासारखें गेलें. शेतीवाडी पाहावी, कुत्रीं व घोडे पाळावे, शिकारीस जावें. मूलबाळ नव्हतें, पण नवराबायकोंचें चांगलें पटे, व घराला पाहुण्यांची वाण नसे. नदीपलीकडे त्यानें 1763 च्या सुमारास आपल्या बागेंत एक लहानसा दगडी मंडप बांधला. शिकारीहून आलेली मित्रमंडळी येथें जमत, जेवणें होत, आणि मग बॅरन आपला भला मोठा चिलीमवजा पाइप पेटवून बोलावयास लागे.

सांगण्याची त्याची हातोटी कशी होती, हें पाहिलेल्यांनीं नमूद करून ठेविलें आहे. प्रथम तो अगदीं शांतपणें, जणूं पेरणीचा हिशेब सांगावा तसा, सुरुवात करी. गोष्ट रंगूं लागली कीं हात हालूं लागत, चेहरा लाल होई, डोक्यावरचा केसांचा टोप इकडचा तिकडे सरके; परंतु ओठांवर हंसूं म्हणून फुटत नसे. त्याच्या नांवावर पुढें ज्या गोष्टी छापल्या गेल्या, त्यांतल्या थोड्या येथें सांगतों. ओचाकोव्हच्या वेढ्यांत किल्ल्याचा दरवाजा वरून खालीं कोसळून घोड्याचे बरोबर दोन तुकडे झाले. स्वाराला तें कळलेंच नाहीं. पाण्याच्या हौदावर घोडा पितच राहिला, तेव्हां मागें वळून पाहतो तों पुढून प्यालेलें पाणी मागून वाहून जात आहे! एका लांडग्यानें बर्फगाडीच्या घोड्यावर झडप घालून त्याला मागून खात खात सरंजामांत स्वतःच शिरून घेतलें, आणि चाबूक खात गाडी सेंट पीटर्सबर्गपर्यंत ओढीत नेली. गोळ्या संपल्यामुळें हरणाच्या कपाळावर चेरीच्या बिया झाडल्या, तर दुसऱ्या वर्षीं तेंच हरीण डोक्यावर फळांनीं लदबदलेलें झाड घेऊन भेटलें. आणि टपालगाडीवानाचें शिंग थंडीनें असें गोठलें कीं फुंकून सूर निघेना. पुढें धर्मशाळेंतल्या चुलीजवळ तें खुंटीवर टांगल्यावर सर्व गोठलेले सूर एकामागून एक आपोआप वाजूं लागले.

यांतल्या कित्येक कल्पना बॅरनच्या पदरच्या नव्हेत. शब्द थंडीनें गोठतात आणि उन्हाळ्यांत वितळून ऐकूं येतात, ही थट्टा ग्रीक ग्रंथकार प्लूटार्क यानें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं लिहून ठेविली आहे. शिकाऱ्यांच्या व शिपायांच्या तोंडीं असल्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात. बॅरननें त्यांना आपल्या अनुभवाचें बारीक सूत जोडलें इतकेंच. रशियाचें बर्फ त्यानें पाहिलें होतें, लांडगे पाहिले होते, तुर्कांशीं झालेल्या लढाईच्या कथा प्रत्यक्ष लढलेल्यांच्या तोंडून ऐकिल्या होत्या. म्हणून त्याची थाप जमिनीवर पाय रोवून उभी राही.

येथें एक शंका घेतली जाईल, आणि ती आमच्यासारख्या शाळेच्या अंकांत घेतली जावी हें योग्यच आहे. दहा आज्ञांत खोट्या साक्षीचा निषेध आहे. मग या गृहस्थाचें कौतुक कसें करावें? आमच्या मतें खोटें बोलणाराची सारी धडपड आपल्यावर विश्वास बसावा यासाठीं असते. त्याला दुसऱ्याचा कांहीं तरी पदार्थ, पैसा किंवा मान हवा असतो. अर्धा घोडा पाणी पितो असें सांगणाराला कोणाचा विश्वास नको असतो; ऐकणाराहि फसत नाहीं आणि सांगणाराहि फसवीत नाहीं. बॅरनच्या ओळखीचे लोक सांगत कीं, व्यवहारांत तो शब्दाचा पक्का होता, आणि पंक्तींत एखादा बढाईखोर फारच फुगूं लागला कीं त्याला जागेवर बसविण्यासाठीं तो आपली त्याहून मोठी थाप हळूच पुढें ठेवी. बढाईवर हें औषध अनेक वर्षें गुणकारी ठरलें. जोंपर्यंत गोष्ट मंडपांत होती तोंपर्यंत सर्व कांहीं ठीक होतें.

1781 मध्यें बर्लिन येथें निघणाऱ्या एका विनोदी पुस्तकमालेंत अशा सोळा गोष्टी प्रसिद्ध झाल्या, व 1783 मध्यें आणखी दोन. त्यांवर नांव पुरतें छापलेलें नव्हतें. मधलीं कांहीं अक्षरें गाळलीं होतीं. परंतु ज्यांना ओळखावयाचें होतें ते ओळखूं शकले. या गोष्टी वाचणारांत रूडोल्फ एरिख रास्प नांवाचा एक जर्मन पंडित होता, आणि येथून आमच्या कथेंत चोर शिरतो. रास्प 1736 मध्यें हॅनोव्हर येथें जन्मला. त्याची विद्वत्ता नाणावलेली होती. तत्त्ववेत्ता लायब्नित्स याचे अप्रकाशित ग्रंथ त्यानें 1765 मध्यें छापून काढले, आणि 1769 मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला सभासद करून घेतलें. कासेल येथील राजाच्या संग्रहावर तो अधिकारी होता. परंतु कर्ज वाढलें तसा त्यानें त्याच संग्रहांतील नाण्यांवर हात मारला, आणि 1775 मध्यें चोरी उघडकीस येतांच इंग्लंडांत पळून गेला. रॉयल सोसायटीनें त्याचें नांव यादींतून काढून टाकलें. पुढें कॉर्नवॉलमधील खाणींत धातू पारखण्याचें काम करून तो पोट भरीत असे. पैशाच्या ओढाताणींत त्यानें त्या जर्मन गोष्टी इंग्रजींत लिहून काढल्या व 1785 च्या अखेरीस सुमारें पन्नास पानांचें एक स्वस्त चोपडें प्रसिद्ध करविलें. लेखक म्हणून स्वतःचें नांव त्यानें घातलें नाहीं. बॅरन म्युंखहाउझेनचें मात्र घातलें! नाण्यांचा धनी निदान राजा होता, त्याच्या हातीं फौजफाटा होता. बोडनव्हेर्डरच्या या वृद्ध जमीनदाराजवळ आपल्या नांवावांचून दुसरी मोठी दौलत नव्हती.

चोपड्याच्या आवृत्तीवर आवृत्ती निघूं लागली. 1786 मध्यें तें जर्मन भाषेंत परत आलें. तें आणणारा गोटफ्रीड आउगुस्ट ब्यूर्गर हा जर्मनीचा नामवंत कवि होता, आणि गॉटिंगेन येथें, म्हणजे म्युंखहाउझेन घराण्यानेंच वाढविलेल्या विद्यापीठांत, शिकवीत होता. त्यानें पुस्तकांत आपल्या कल्पनेचीहि भर घातली. तोफेच्या गोळ्यावरचा प्रवास आणि आपल्याच केसांना धरून घोड्यासकट दलदलींतून वर येणें, या सर्वांत प्रसिद्ध झालेल्या दोन गोष्टी त्याच्याच. त्यानेंहि नांव छापलें नाहीं. पुस्तक गॉटिंगेनला छापून त्यावर स्थळ लंडन असें खोटेंच घातलें. म्हणजे थापांच्या या पुस्तकांतली पहिली थाप मुखपृष्ठावरच होती, आणि ती बॅरनची नव्हती.

पासष्ट वर्षांच्या त्या वृद्धाला आपल्या नांवाचें काय झालें आहे हें हळूहळू समजलें. मित्रांच्या मेजवानींत जी गंमत होती, ती परक्यांच्या बाजारांत नालस्ती झाली. जर्मनींत त्याला लबाड बॅरन म्हणूं लागले. दूरदूरचे रिकामटेकडे लोक मुद्दाम वांकडी वाट करून बोडनव्हेर्डरला येत आणि त्याच्या कुंपणाशीं उभे राहून आंत टकमक पाहत. त्यांना हांकून लावण्यासाठीं नोकर ठेवावे लागले. फिर्याद करावी तर कोणावर? लेखक निनांवी, एक समुद्रापलीकडे, दुसऱ्याचें पुस्तक लंडनचें म्हणून सांगितलेलें. गोष्टी सांगण्याची त्याची हौस आटली. जो मनुष्य ऐकणारे भोंवतीं असल्याशिवाय जेवत नसे, त्याला प्रत्येक नव्या पाहुण्याच्या डोळ्यांत तें चोपडें दिसूं लागलें. मुलांनो, एखाद्याचें टोपणनांव पाडून वर्गभर हंसतांना आपणांस जें मुळींच जाणवत नाहीं, तेंच या म्हाताऱ्याला दहा वर्षें भोगावें लागलें.

1790 मध्यें याकोबीना वारली. शेहेचाळीस वर्षांची सोबत तुटली, घर सुनें झालें. पुढें चार वर्षांनीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, आपल्याहून अर्धशतकानें लहान असलेल्या एका मुलीशीं त्यानें लग्न केलें. हें लग्न शहाणपणाचें होतें असें त्याचा कोणीहि हितचिंतक म्हणणार नाहीं. वर्षभरांतच भांडणें कोर्टांत गेलीं. 1795 मध्यें जन्मलेली एक मुलगी वर्षाच्या आंतच दगावली; पण ती आपली असें बॅरननें मानलेंच नाहीं, आणि जगांतल्या मुलांना गोष्टी देणारा हा मनुष्य निपुत्रिकच राहिला. वकिलांच्या खर्चांत होतें नव्हतें तें संपलें. 22 फेब्रुवारी 1797 रोजीं बोडनव्हेर्डर येथें तो कर्जबाजारी स्थितींत मरण पावला, व जवळच्या केमनाडे येथील चर्चमध्यें त्याचें दफन झालें. शेवटच्या दुखण्यांतली एक आख्यायिका सांगतात. त्याच्या पायाचीं दोन बोटें नव्हतीं. बहुधा रशियाच्या थंडीनें गेलीं असावींत. शुश्रूषा करणाऱ्या बाईनें तीं कशीं गेलीं म्हणून विचारलें, तेव्हां शिकारींत पांढऱ्या अस्वलानें तोडलीं असें त्यानें गंभीरपणें सांगितलें म्हणतात. ही आख्यायिका खरी असेल, तर लोकांनीं त्याचें नांव हिरावून घेतलें, पण गोष्ट मात्र शेवटपर्यंत त्याच्याजवळच राहिली होती.

त्याच्या नांवावर पुस्तकें लिहिणारे दोघेहि त्याच्याआधीं, एकाच वर्षीं, 1794 मध्यें वारले. ब्यूर्गर गॉटिंगेनला गरिबींत, आणि रास्प आयर्लंडमध्यें, एका खाणीच्या कामावर असतांना. ब्यूर्गरचा हात या पुस्तकांत होता हें 1798 मध्यें, आणि मूळ इंग्रजी चोपडें रास्पचें हें 1824 मध्यें उघड झालें. तोंपर्यंत अपमान सोसणारा माणूस केव्हांच मातीआड गेला होता.

त्याचें नांव मात्र कोठकोठें जाऊन पोंचलें पाहा. 1911 मध्यें फ्रान्समधील चित्रपटकार मेलिएस यानें त्याच्यावर मूकपट काढला. 1943 मध्यें जर्मनींत जो रंगीत बोलपट निघाला त्याची कथा एरिख केस्टनर यानें लिहिली. मुलांचा हा आवडता लेखक नाझी राजवटीला नको होता, त्याचीं पुस्तकें 1933 मध्यें जाहीरपणें जाळलीं गेलीं होतीं. म्हणून त्याला टोपणनांवानें लिहावें लागलें, आणि तें नांव त्यानें बेर्टोल्ट ब्यूर्गर असें घेतलें! 1951 मध्यें रिचर्ड अॅशर या इंग्रज डॉक्टरानें, खोटें आजारपण रचून इस्पितळोइस्पितळीं फिरणाऱ्या रोग्यांच्या विकाराला बॅरनचें नांव दिलें. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं 3435 ही संख्या घ्यावी. तींतील प्रत्येक अंकाचा त्याच अंकाइतका घात करावा : 27, 256, 27 आणि 3125. यांची बेरीज पुन्हां 3435 च येते. जणूं आपल्याच शेंडीला धरून वर आलेली ही संख्या म्हणून 2009 मध्यें एका गणितज्ञानें अशा संख्यांना म्युंखहाउझेन संख्या म्हटलें.

लिव्होनियांतील त्याची सासुरवाडी डुंटे ही आतां लॅटव्हिया देशांत असून तेथें त्याच्या नांवाचें संग्रहालय आहे. बोडनव्हेर्डर येथील ज्या वाड्यांत तो जन्मला तो वाडा पुढें गांवाचें नगरभवन झाला. ज्या कुंपणावरून त्याचे नोकर बघ्यांना पिटाळून लावीत, तेथेंच आतां गांवकरी परदेशच्या पाहुण्यांना अगत्यानें बोलावून घेतात. समोर एक कारंजें आहे, त्यावर बॅरन अर्ध्या घोड्यावर स्वार झालेला आहे, घोडा मान खालीं घालून पाणी पीत आहे, आणि मागच्या बाजूनें तें पाणी एकसारखें वाहून जात आहे.